दोन इंचांचा निरोप

गाडीचं इंजिन बदलायला दोन जाणकार माणसं पुरतात, असं मला सांगण्यात आलं होतं. आमच्याकडे बरोबर दोन होती. फक्त ती एकमेकांशी बोलत नव्हती.

एक माझा नवरा आणि दुसरे माझे थोरले दीर. दोघांचं मिळून एक गॅरेज, आणि दोघांमध्ये अकरा महिन्यांचा अबोला. भाऊजी सकाळी सातला शटर उघडतात आणि दोनला हात धुतात. नवरा दोनला येतो आणि आठला कुलूप लावतो. दोनच्या ठोक्याला दोघं दारात समोरासमोर येतात, तेव्हा एकजण फळ्यावरची कामांची यादी वाचायला लागतो आणि दुसरा वाकून चपलेची लेस बांधतो. चपलेला लेस नसते हे दोघांनाही ठाऊक आहे.

अबोल्याचं कारण म्हणाल तर एक वाक्य. भाऊजींचं नाव झालं होतं ते त्यांच्या कानामुळे. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "तिसऱ्या सिलिंडरचा वरचा व्हॉल्व्ह." उघडून बघावं तर तेच निघायचं. लोक लांबून गाड्या घेऊन यायचे. मग गेल्या वर्षी एक गाडी तोच आवाज घेऊन दोनदा परत आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा माझा नवरा त्या गिऱ्हाइकाला हळूच म्हणाला, "दादाला हल्ली जरा कमी ऐकू येतं. मी बघतो."

हळूच म्हणाला होता. पण त्या वर्षात भाऊजींना स्पष्ट ऐकू आलेलं ते एकच वाक्य असावं. "मला ऐकू येत नाही ना? मग माझ्याशी बोलून काय उपयोग," असं म्हणून त्यांनी जे तोंड मिटलं ते मिटलं. नवऱ्याला माफी मागायची होती, पण माफी तरी कुणाकडे मागणार. समोरचा माणूस लेस बांधत होता.

हे असंच चालू राहिलं असतं आणि मला त्याचं फारसं काही वाटलं नसतं, पण मध्ये आत्याबाई आल्या.

आत्याबाई म्हणजे आमची पिकअप. सासऱ्यांनी तरुणपणी घेतलेली, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. नाव त्यांनीच ठेवलेलं. नाक वर, आवाज मोठा, स्वतःच्या मनात आलं तरच हलणार, पण अडल्या वेळी दारात हजर. गॅरेजच्या मागच्या जागेत माझी रोपवाटिका आहे, आणि सगळी ने-आण आत्याबाईंवर. हल्लीच्या पिकअपांचा हौदा माझ्या छातीला लागतो. आत्याबाईंचा गुडघ्याच्या वर जेमतेम वीतभर. मातीची कुंडी मी एकटी उचलून आत ठेवू शकते, कुणाला 'जरा हात लावता का' म्हणायला लागत नाही. अडतिसाव्या वर्षी मला गाडी शिकवली ती सासऱ्यांनी, याच गाडीवर. शिकवताना एकदाही ओरडले नाहीत. फक्त दाराचं हँडल दोन्ही हातांनी धरून बसायचे.

जाण्याच्या आदल्या वर्षी त्यांनी गाडी माझ्या नावावर केली. एका मुलाच्या नावावर केली तर दुसरा चाकं काढून नेईल, असं त्यांचं म्हणणं. कारण काहीही असो, जगात माझ्या नावावर असलेली ती एकमेव वस्तू. घर सासूबाईंच्या नावावर, जागा दोघा भावांच्या, फोनसुद्धा नवऱ्याच्या.

तर अशा या आत्याबाईंच्या पेट्रोल इंजिनाला मधोमध तडा गेला. तसं इंजिन आता कुठे मिळत नाही. पाव पोचवणारी एक व्हॅन मागून ठोकली गेली होती, तिचं डिझेल इंजिन चांगलं होतं, ते मिळालं. नोंदणी कार्यालयाने परवानगी दिली, पण नव्वद दिवसांची. नव्वदाव्या दिवशी सकाळी अकराला गाडी स्वतःच्या चाकांवर चालत तपासणीला यायला हवी. न आल्यास नोंदणी रद्द, आणि या वयाच्या गाडीला पुन्हा नवी नोंदणी नाही. म्हणजे थेट भंगारात. कागदावर हे सगळं एका ओळीत लिहिलं होतं. मी तो कागद फ्रीजच्या दारावर लावला, आणि त्यानंतर दूध काढतानाही आधी उरलेले दिवस मोजायला लागले.

काम दोघांनी वाटून घेतलं. म्हणजे वाटून मी दिलं, कारण बोलणारी मीच. वेल्डिंग, इंजिन बसवायचे आधार, इंजिन आणि गिअरबॉक्समधली जोडप्लेट, रेडिएटर हे भाऊजींकडे. गिअरबॉक्स, मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट आणि वायरिंग नवऱ्याकडे. आणि दोघांमधली टपाल सेवा माझ्याकडे.

नवरा रात्री जेवताना म्हणायचा, "त्या शहाण्याला सांग, जोडप्लेटची भोकं एक सूत बाहेर आहेत. डोळे मिटून पाडल्यासारखी."

सकाळी मी चहा घेऊन जायचे. "भाऊजी, प्लेटची भोकं एकदा बघता का? एखादं सूत इकडे-तिकडे वाटतंय म्हणे."

"त्याला म्हणावं, आधी पट्टी सरळ धरायला शीक."

दुपारी नवऱ्याला, "बघतो म्हणाले."

दर निरोपाला मी गाळणी लावत होते. खालचा गाळ साठून साठून माझ्याच डोक्यात राहत होता. पण साठ दिवसांत मी बरंच शिकले. डिझेलला टाकीकडे परत जाणारी दुसरी नळी लागते. किल्ली फिरवली म्हणून डिझेल इंजिन बंद होतंच असं नाही, त्याला वेगळी सोय करावी लागते. ते जड असतं, म्हणून पुढच्या स्प्रिंगा बदलाव्या लागतात. हे मला कुणी शिकवलं नाही. दोघांनीही दुसऱ्याला सांगायला सांगितलं, एवढंच.

जाऊबाई शाळेत कारकून आहेत. त्या एकदा कपडे वाळत घालता घालता म्हणाल्या, "अगं, मी पहिल्या आठवड्यातच राजीनामा दिला. तू अजून बिनपगारी कामावर आहेस."

"मग गाडीचं काय, ताई?"

"पन्नाशी ओलांडलेले दोन पुरुष आहेत. तोंडं आहेत दोघांना. जेवताना मी बघते ना."

मला ते पटलं. एकसष्टाव्या दिवशी मी संप केला.

नेमकं त्याच दिवशी नवरा म्हणाला, "दादाला सांग, हे इंजिन लांबीला जास्त आहे, पुढे रेडिएटरला घासेल. म्हणून मी सगळं दोन इंच मागे घेतोय. आधार त्या हिशोबाने कर म्हणावं. शाफ्ट मी दोन इंच कापून आणतो."

मी म्हणाले, "तुम्हीच सांगा."

"बरं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी वेल्डिंगचा मुखवटा डोक्यावर सारून म्हणाले, "अगं, त्याला सांग, इंजिन लांब आहे. मी रेडिएटर दोन इंच पुढे घेतोय. इंजिन जुन्याच जागी बसेल."

मी म्हणाले, "तुम्हीच सांगा, भाऊजी." कंप्रेसर चालू होता. त्यांनी मान हलवली.

इथे कुणीही म्हणेल, की बाई, तू दोन्ही निरोप ऐकलेस, दोन्ही एकमेकांच्या उलट होते, तुला कळलं नाही? कळलं. अगदी स्पष्ट कळलं. म्हणून तर मी खूश होते. आता यांना बोलावंच लागेल, असं मला वाटलं. एकजण 'बरं' म्हणाला होता, दुसऱ्याने मान हलवली होती. आणखी काय हवं असतं माणसाला.

पुढचे पंचवीस दिवस मी मजेत रोपांना पाणी घातलं. गॅरेजमधून सकाळी ग्राइंडरचा आवाज यायचा, दुपारी हातोड्याचा. कुणी मला काही सांगायला सांगत नव्हतं. मला वाटलं, बोलायला लागले. शेवटच्या रविवारी भाऊजींनी साखळीच्या कप्पीवरून इंजिन खाली सोडून जागेवर बसवलं. साखळी ओढायला जाऊबाई होत्या. नंतर दोन दिवस त्या शाळेत वरच्या फायलींपर्यंत हात उचलू शकत नव्हत्या, पण इंजिन म्हणे फुलासारखं बसलं.

अठ्ठ्याऐंशीवा दिवस मंगळवार होता. दुपारी नवरा कापून, फिरताना थरथरू नये म्हणून तोलून आणलेला शाफ्ट घेऊन गाडीखाली शिरला. मी टॉर्च धरून उकिडवी बसले होते.  मग शाफ्टचं पुढचं टोक गिअरबॉक्सकडे ढकलण्याचा आवाज आला. मग पुन्हा. मग काहीच नाही.

"काय झालं?"

"टॉर्च दे."

मीही वाकून बघितलं. शाफ्टचं टोक आणि गिअरबॉक्स यांच्या मधून पलीकडची भिंत दिसत होती. माझी दोन बोटं आडवी घातली तर बसली असती आणि वर जागा उरली असती. नवऱ्याने केबिनच्या तळाला गिअरच्या दांड्यासाठी नवं भोक पाडून ठेवलं होतं, दोन इंच मागे. दांडा मात्र ऐटीत जुन्याच भोकातून वर आलेला.

"इंजिन मागे घेतलंच नाहीये," नवरा गाडीखालून म्हणाला. आवाज अगदी शांत होता. सत्तावीस वर्षांत मी हा आवाज तीनदा ऐकलाय, आणि तिन्ही वेळा मला माहेरी जावंसं वाटलंय.

"तुम्ही भाऊजींना सांगितलंत ना?"

"मी कसा सांगणार? तुला सांगितलं होतं."

"मी म्हणाले होते, तुम्हीच सांगा."

"ते तू दर वेळी म्हणतेस. मग सकाळी चहा घेऊन जातेस आणि सांगतेस."

ते खरं होतं. साठ दिवसांत निदान वीस वेळा मी 'तुम्हीच सांगा' म्हणाले होते आणि वीसही वेळा सांगून आले होते. संप करायचा तर आधी नोटीस द्यावी लागते, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

संध्याकाळी मी वरच्या मजल्यावर भाऊजींकडे गेले. जाऊबाई इस्त्री करत होत्या. मी सगळं सांगितलं, मोठ्याने आणि सावकाश. भाऊजींनी चष्मा काढून पुसला.

"पण मी रेडिएटर पुढे घेतोय हे त्याला सांग म्हटलं होतं तुला."

"आणि मी म्हणाले, तुम्हीच सांगा. तुम्ही मान हलवलीत."

"ते मला..." ते म्हणाले आणि थांबले. जाऊबाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि एका शर्टाची कॉलर दुसऱ्यांदा इस्त्री केली. मी टेबलावरच्या वर्तमानपत्राची घडी घालायला लागले. माणसाला वाक्य पुरं करायचं नसेल तर आपण तिकडे बघू नये.

"सोपं आहे," भाऊजी चष्मा परत लावत म्हणाले. "त्याने शाफ्ट पुन्हा लांब करून आणावा."

खाली येऊन मी हे सांगितलं. म्हणजे बघा, पुन्हा कामावर रुजू. नवरा म्हणाला, "सोपं आहे. त्याने आधार कापून इंजिन मागे घ्यावं."

या वेळी मी पुन्हा वर गेले नाही. फ्रीजकडे पाठ करून जेवले.

बुधवारी सकाळी नवरा साडेसहालाच उठला, "मायक्रॉनकडे जाऊन येतो," म्हणाला आणि गेला. मायक्रॉन हा आमचा लेथवाला. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाच माहीत असेल. तो मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतो, त्याला इंचात काही सांगितलं की दुखावल्यासारखा बघतो. मला वाटलं, वॉशर-बिशर आणायला गेला असेल.

सव्वासातला मी झारी घेऊन मागे जाताना गॅरेजमध्ये डोकावले, तर ठिणग्यांचा पाऊस. भाऊजी बॉनेट उघडून, इंजिन साखळीवर टांगून, स्वतःच वेल्ड केलेला आधार ग्राइंडरने कापत होते. एक कापून बाजूला ठेवला होता. दुसऱ्याला पातं लावलेलं.

मी हाका मारल्या. तीन मारल्या. मग भिंतीतला प्लग ओढून काढला.

"काय गं?"

"काय करताय?"

"इंजिन मागे घेतोय." त्यांनी गॉगल कपाळावर नेला. "काल झोपताना विचार केला. त्याने शाफ्ट कापलाय, तोलून आणलाय, भोकही पाडलंय. त्याची तीन कामं वाया घालवण्यापेक्षा माझं एक गेलेलं बरं. आधार काय, परत वेल्ड करीन दुपारपर्यंत. त्याला सांगू नकोस हं. आला की बसवेल मुकाट्याने."

मी 'बरं केलंत' म्हणणार होते. तेवढ्यात माझी नजर कामाच्या बाकावर गेली. बाकावर पाने होते, चिंध्या होत्या, नवऱ्याचा फोन होता. शाफ्ट नव्हता.

शाफ्ट घेऊन कोण सकाळी साडेसहाला वॉशर आणायला जातं.

मी झारी खाली ठेवली. हा तिकडे शाफ्टमध्ये दोन इंचांचा तुकडा घालून लांब करून आणणार. हे इकडे इंजिन दोन इंच मागे घेणार. संध्याकाळी दोघंही मोठ्या मनाने समोरासमोर येणार, आणि शाफ्ट दोन इंच जास्त. उद्या अकराला तपासणी. भांडून एकदा घोळ घातला तो समजू शकते. आता हे एकमेकांच्या मायेपोटी तोच घोळ उलटा घालत होते, आणि तोही एकमेकांना न सांगता. भांडणाऱ्या माणसांना निदान ओरडता तरी येतं.

मी गेटपर्यंत धावले, स्कूटर काढली, हेल्मेट घातलं आणि थांबले. जाऊन काय म्हणणार होते? 'भाऊजी म्हणतात की.' पुन्हा तेच. आज हे टळेल, उद्या दुसरं काहीतरी.

मी परत आत गेले. भाऊजी प्लग शोधत होते.

"बसा मागे."

"कुठे?"

"स्कूटरवर. मायक्रॉनकडे जायचंय."

"मी कशाला? तू सांगून ये ना त्याला काय ते."

"नाही. गाडी माझी आहे. आता निरोप जाणार नाही, माणूस जाईल. बसा."

ते बसले. सत्तावीस वर्षांत माझे थोरले दीर माझ्या मागे कधी बसले नव्हते. दोन्ही हातांनी मागचा दांडा धरून, अंगावर वेल्डिंगचा चामडी ॲप्रन, कपाळावर गॉगल. सिग्नलला शेजारच्या रिकाम्या बसचा कंडक्टर आमच्याकडे बघत राहिला. मीही त्याच्याकडे बघितलं. सकाळी साडेसातला मला लाज वाटण्याइतकी उसंत नव्हती.

मायक्रॉनच्या दुकानात लेथ चालू होतं. शाफ्ट दोन जबड्यांत पकडून फिरत होता आणि शेजारी दोन इंचांची नळी कापून तयार. नवरा पाठमोरा उभा. मी मायक्रॉनसमोर जाऊन हात आडवा केला. त्याने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे बघितलं, आणि काही न विचारता मशीन बंद केलं. हुशार माणूस.

नवरा वळला. भाऊजींना बघून त्याचा हात आपोआप खिशाकडे गेला, यादी वगैरे शोधायला. खिशात काही नव्हतं.

मी म्हणाले, "मी काही सांगणार नाहीये. मी बाहेर उभी राहते." पण उभी तिथेच राहिले.

पंखा फिरत होता. मायक्रॉन एका नटाचं फार बारकाईने निरीक्षण करत होता.

"दादा," नवरा म्हणाला. "आधार कापलास?"

भाऊजी त्याच्या ओठांकडे बघत राहिले.

"आधार कापलास का?" आता दुकानाच्या बाहेरही ऐकू गेलं.

"ओरडतोस कशाला? बहिरा नाही मी."

"आहेस."

 मला वाटलं, संपलं. आता अकरा महिन्यांची अकरा वर्षं होणार.

भाऊजींनी गॉगल कपाळावरून काढला आणि ॲप्रनला पुसला. काच फक्त आणखी मळली.

"आहे थोडा," ते म्हणाले. "डावा गेला जवळजवळ. उजवा आहे अजून."

"मग डॉक्टरला दाखव ना."

"दाखवलाय. यंत्र घ्या म्हणतो." मग गॉगल पुन्हा कपाळावर चढवून, "ते तू गिऱ्हाइकासमोर म्हणायचं कारण नव्हतं, बारक्या."

"नव्हतं."

"मला बाजूला घेऊन सांगायचंस."

"सांगितलं असतं. तुला ऐकू आलं नसतं."

मायक्रॉनच्या हातातला नट खाली पडला. भाऊजींचा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त खांदे दिसत होते, आणि ते हलत होते. ते हसताहेत की काय, हे कळायला मला जरा वेळ लागला.

"एक आधार कापलाय," ते म्हणाले. "दुसरा अर्धा. हिने प्लग काढला."

"मग शाफ्ट असाच राहू दे. नळी नको."

"पण दोन इंच म्हणजे कुठून कुठे मोजलेस तू? टोकाच्या फ्लँजच्या आतून का बाहेरून?"

"बाहेरून."

"बाहेरून कोण मोजतं?"

"एक्कावन्न हजार मायक्रॉनच्या आसपास झालं ते," मायक्रॉन पहिल्यांदाच बोलला. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. मी शाफ्ट जबड्यातून सोडवायला सांगितला.

त्यानंतर त्या दिवशी आमच्या गॅरेजमध्ये जो आवाज झाला, तसा त्या इमारतीने ऐकला नसेल. काम दोन तासांचं होतं. आठ तास चाललं, कारण प्रत्येक वाक्य दोनदा, आणि दुसऱ्यांदा ओरडून. "वर घे." "काय?" "वर." "घेतोय ना वर." "खाली आता." "तूच वर म्हणालास." अकरा महिन्यांचं साठलेलं तोंडाने बाहेर पडत होतं, आणि मध्येमध्ये वेल्डिंग होत होतं. शेजारच्या शिंप्याने येऊन विचारलं, की सगळं ठीक आहे ना. मी म्हणाले, हो, बोलताहेत. तो म्हणाला, हे असं? मी म्हणाले, हे असंच असतं आमच्याकडे.

पाचच्या सुमाराला नवऱ्याने किल्ली फिरवली. आत्याबाई दोनदा खाकरल्या, तिसऱ्यांदा धूर सोडला आणि सुरू झाल्या. आवाज पूर्वीसारखा उरला नव्हता. पूर्वी त्या रागावल्यासारख्या वाटायच्या, आता दळण दळत असल्यासारख्या. मला जरा भरून आलं आणि जरा वाईटही वाटलं.

भाऊजींनी स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला टेकवला. मूठ त्यांनी कानाला लावली नाही, जबड्याच्या हाडाला टेकवली आणि डोळे मिटले.

"चौथ्याचा इंजेक्टर ठोकतोय."

नवऱ्याने वाकून ऐकलं. "मला नाही ऐकू येत."

"मग तुझेही कान दाखव एकदा."

इंजेक्टर खोलून बघितला. ठोकत होता. बदलला. केबिनच्या तळाचं जुनं भोक भाऊजींनी पत्रा लावून बुजवलं, आणि साडेसातला कुलूप लागलं. दोघं मिळून लावत होते, म्हणून त्यालाही वेळ लागला.

गुरुवारी साडेदहाला आम्ही नोंदणी कार्यालयाच्या आवारात होतो. आम्ही तिघं, कारण दोघांपैकी कुणीच दुसऱ्याला एकटं पाठवायला तयार नव्हता. तपासनीस नाकावर चष्मा असलेला चाळिशीचा माणूस होता. त्याने इंजिनचा नंबर बघितला, चेसिसचा बघितला, कागद बघितले.

"मालक कोण?"

दोघंही एक पाऊल पुढे आले.

"मी," मी म्हणाले.

"चालवून दाखवा."

तो शेजारी बसला. मी आवाराला एक फेरी मारली. क्लच जड होता, गिअरचा दांडा नव्या जागी, हाताला अजून सवय नव्हती. चढावर थांबवून पुन्हा उचलायला लावली. उचलली. मागे घ्यायला लावली. घेतली. आरशात दोन्ही भाऊ दिसत होते, आवाराच्या टोकाला शेजारी शेजारी, दोघांचेही हात मागे बांधलेले, सासरे उभे राहायचे तसे. तपासनीस मात्र दाराचं हँडल न धरता बसला होता. मनातल्या मनात मी ते माझ्या बाजूने मोजलं.

"बंद करा."

मी किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं.

"आवाज जास्त आहे," तो लिहिता लिहिता म्हणाला. "बॉनेटच्या आतून अस्तर लावा, पंधरा दिवसांत दाखवून जा. बाकी ठीक. सही करा इथे. बाई, फिटिंग कुणी केलं? काम सुबक आहे."

खिडकीशी दोघं येऊन उभे होते. "यांनी," मी म्हणाले. कुणाकडे बोट दाखवलं नाही. कागदावर माझं नाव होतं, खाली मी सही केली, आणि शिक्का बसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागल्यासारखं वाटलं.

परत निघालो. आत्याबाईंच्या केबिनमध्ये एकच सलग बाक. मी चालवायला, मध्ये भाऊजी, खिडकीशी नवरा. गाडी रस्त्याला लागली, इंजिन दळायला लागलं, आणि नवरा खिडकीकडून काहीतरी म्हणाला.

भाऊजी माझ्याकडे वळले. "काय म्हणतोय तो?"

"अस्तरासाठी कापूस नको, रबर आणू म्हणताहेत."

"त्याला सांग, रबर तापलं की वास मारतं."

मी नवऱ्याला म्हणाले, "वास मारतं म्हणताहेत."

"त्याला सांग," नवरा म्हणाला, "हल्ली बिनवासाचं मिळतं."

 मी डाव्या बाजूचा दिवा लावून गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि दोघांकडे बघितलं.

"भाऊजी, तुमचा चांगला कान कुठला?"

"उजवा. तुझ्या बाजूचा."

"उतरा खाली," मी म्हणाले. "दोघंही. जागा बदला."

आधी कुणी उतरायचं यावर त्यांचं थोडं झालं. मग भाऊजी खिडकीशी बसले आणि नवरा मध्ये, त्यांच्या उजव्या कानाला लागून. गिअरचा दांडा त्याच्या गुडघ्यांत अडकला आणि त्याने कुरकुर केली, ती मी ऐकली नाही. दार लागलं. मी आरसा बघितला आणि गाडी रस्त्यावर घेतली. पुढच्या वळणापर्यंत ते रबरावरून हमरीतुमरीवर आले होते, आणि मला कुणी काही विचारत नव्हतं.